सुदाम थावरा राठोड, वय बावीस

पुजाच्या लेकाच्या धुंडाला सगळा तांडा जमणार होता, आणि घरात सकाळपासून कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं.

तांड्याची होळी पहाटेच पेटून विझली होती. डफ वाजवून थकलेली माणसं जरा पडली होती, ती आता दुपारी एकेक करून उठत होती. वर्षभरात ज्या घरी मुलगा जन्मला त्या घरी होळीला पुरुष काठ्या घेऊन येतात, बाळाच्या डोक्यावर कापड धरतात, त्यावर काठ्या टेकवत गाणं म्हणतात आणि पोराला तांड्यात घेतात. तोच धुंड, आणि तो उन्हं कलल्यावर. तोवर मोतीबाई पुऱ्या लाटत होती. पुऱ्या नेहमीपेक्षा जाड होत होत्या आणि मिनाला आईच्या मनाचं तेवढ्यावरून कळत होतं.

मिना काल हिंगोलीहून आली ती खाकी पाकीट घेऊन. ते तिनं पत्र्याच्या पेटीवर ठेवलं होतं. आत धाकट्या भावाच्या, देविदासच्या, मनगटाचा एक्स-रे होता, साखऱ्याच्या ग्रामपंचायतीतून काढलेला त्याच्या जन्माचा दाखला होता आणि टाईप करून आणलेलं प्रतिज्ञापत्र होतं. त्याच्यावर एकच सही व्हायची होती, मिनाची.

"ते पाकीट आज उघडायचं न्हाई," थावरा बाजेवरून म्हणाला. "आज नातवाचा दिवस हाय."

"सर येऊन राहिले, बा. मीच बोलावलं."

"काहून? आमच्या घरचं आमी बघू."

"अमेरिकेच्या पत्राची मुदत एकतीस तारखेची आहे. आज पंधरा."

"मुदत पोलिसाच्या हुकमालाबी हाय. एक तारखेला हजर व्हायचंय. ती मुदत या घरात कुणी मोजंना."

हिंगोलीच्या महाविद्यालयात मिना प्रयोगशाळेत साहाय्यक होती, आणि मुलांच्या हातून काचेचं भांडं पडणार असं दिसलं की ती ओरडत नसे, हात पुढे करत असे. इथं हात कुठं पुढे करावा ते तिला उमजत नव्हतं.

गोष्ट तेरा वर्षांपूर्वीच्या जूनमधली होती. आश्रमशाळेचे गुरुजी उन्हाळ्यात तांड्यावर येऊन शाळेत न गेलेल्या पोरांची नावं लिहून घेऊन गेले. थोरला सुदाम तेव्हा दहा वर्षांचा. त्याचं नाव पहिलीत लागलं: सुदाम थावरा राठोड, जन्म एक जून त्र्याऐंशी. शाळा उघडली त्या दिवशी सुदाम आजोबांबरोबर गुरं घेऊन सिद्धेश्वरच्या बाजूला गेला होता. घरात गुरांना पोरगा लागायचा. पोरगी असली काय, नसली काय, म्हणूनच तर मिना शाळेत जात होती. ती अकरा वर्षांची, चौथीत. नाव लागलंय आणि पोर आलं नाही तर गुरुजी रागावतील, या भीतीनं तिनं साडेसहा वर्षांच्या देविदासला हाताला धरून नेलं. गुरुजींनी विचारलं, "सुदाम थावरा?" मिना म्हणाली, "हा."

दोन-चार दिवसांचाच प्रश्न होता. सुदाम गुरं घेऊन परत आला की तो जाणार होता. तो परत आला, पण गुरं होतीच. देविदासला शाळेतली खिचडी आवडली. मग चाचणी आली, मग पहिलीचा निकाल, मग दुसरी. दहावीच्या फॉर्मवर देविदासनं स्वतःच्या हातानं सुदाम लिहिलं. तांड्यात तो देविदास आणि शाळेच्या फाटकाच्या पलीकडे सुदाम. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. सारी भावंडं एकाच चुलीवरचं खात होती, नाव तेवढं वेगळं कशाला धरायचं?

मग बेसबॉल आला. अकरावीत खेळ शिकवणाऱ्या धम्मानंद सरांनी त्याला मैदानाबाहेर उभं राहून कुत्र्याला ढेकूळ मारताना पाहिलं होतं. खरं तर तो कुत्र्याला मारत नव्हता, कुत्र्याच्या नाकापुढं हातभर ढेकूळ टाकून त्याला वळवत होता. गुरं वळवायची ती रीत होती, आणि ती त्याला सुदामनं शिकवली होती. ढेकूळ जनावराला लागलं की सुदाम देविदासच्या पाठीत धपाटा घालायचा. वेग उपजत होता. नेम धपाट्यांनी आला. दोन वर्षांपूर्वी जिल्ह्याला राज्याचं सुवर्णपदक मिळालं ते त्याच्या डाव्या हातावर. यंदा तो विद्यापीठाकडून खेळत असताना अमेरिकेच्या एका क्लबाचा माणूस जाळीमागं बसला होता. त्यानं वेग मोजायचं यंत्र तीनदा तपासून पाहिलं. मग कागद पाहिला आणि म्हणाला, बावीस वर्षांचा आहे, वाईट वाटतं; आम्ही वीस पूर्ण व्हायच्या आतलेच घेतो.

देविदास मोडक्या इंग्रजीत म्हणून गेला, "मी एकोणीसचा आहे."

त्या माणसानं त्याच्याकडे बघून घेतलं. महिन्यानं पत्र आलं. वयाचा पुरावा पाठवा. आम्ही आमच्या पद्धतीनं पडताळू. पटलं तर सहा आठवड्यांचं शिबिर, आणि त्यातून निभावला तर सगळ्यात खालच्या व्यावसायिक संघाशी करार.

त्याच आठवड्यात खेळाडूंच्या राखीव जागेतून पोलीस शिपाई म्हणून निवड झाल्याचा हुकूमही आला. सुदाम थावरा राठोडच्या नावानं.

*

धम्मानंद सरांच्या मोटारसायकलवर मागं ग्यानोबा बसून आला. हट्ट्याचा ग्यानोबा संघाचा कॅचर, देविदासनं फेकलेला बॉल धरणारा, होता, आता पोलिसात लागला होता आणि होळीच्या सुट्टीवर आला होता. त्याचे केस बारीक कापलेले होते. पोरींनी वाटेतच त्याच्यावर पळसाचं पाणी ओतलं.

"सरकारी डोक्यावर पाणी टाकून राहिल्या की तुमी!" तो ओरडला. "गुन्हा दाखल होतोय बरं!"

"आधी आत या, हवालदार," सुदामची बायको पुजा उंबऱ्यातून म्हणाली. लेकरू तिच्या कडेवर होतं. "आमच्या घरचेबी पोलिसात हायत, ऐकलं का? आन कालेजातबी हायत. फकस्त अंगठा तेवढा उठत न्हाई नीट."

ग्यानोबा हसला, मग कुणीच हसत नाही हे पाहून थांबला. सुदाम बैलांची शिंगं पुसत होता. त्यानं मान वर केली नाही.

मांडवाखाली सतरंजी पडली. लालसिंग नायक काठी टेकत आला आणि मधोमध बसला. तांड्याचा नायक म्हणून त्याला बोलावणं लागत नसे, आणि तो थावराचा चुलतभाऊही होता. पाहुण्यांसाठी बोलणं मराठीत सुरू झालं.

"मास्तर," नायक म्हणाला, "मी कागद लिहून देतो. तांड्याचा शिक्का मारतो. यो देविदास हाय, ह्याचं वय एकोणीस. आमी नाव ठेवलं, आमाला ठाऊक. झालं?"

"नायक, तुमच्या शब्दाला मी मान देतो," सर म्हणाले. "पण ते लोक शाळेत विचारतील, कॉलेजात विचारतील. तिथं देविदास नावाचं कुणी नाहीच."

"मग मिना लिहून देईल."

"तोच एक रस्ता आहे. शाळेत बसला तो देविदास होता, हे शपथेवर सांगणारी तीच आहे. गुरुजी वारले. एक्स-रे आहे, जन्माची नोंद आहे. मिनाची सही झाली की ते मानतील."

"मग आडलंय कुठं?" मोतीबाईनं कढईपाशी बसूनच विचारलं.

सरांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. "आडलंय ते असं की कागद दिला म्हणजे तो सगळ्यांसाठी दिला. सुदाम नावानं देविदास खेळला, हे सिद्ध होतं. मग जिल्ह्याचं सुवर्णपदक परत जातं. त्या पदकाच्या प्रमाणपत्रावर तीन पोरं नोकरीला लागलीत. ती प्रमाणपत्रं रद्द होतील. माझं काय व्हायचं ते होईल. फॉर्मवर सही माझी आहे. आणि मला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. रेशनकार्ड पाहिलं होतं मी ह्याच घरात. गप्प बसलो."

मांडवात कुणीतरी खोकलं. सगळ्यांच्या नजरा हळूहळू ग्यानोबाकडे वळल्या. तिघांतला एक तो होता. पळसाचं केशरी पाणी त्याच्या कानामागून अजून गळत होतं.

"म्हंजी..." ग्यानोबा म्हणाला.

थावरा उठून बसला. आता त्याला जोर आला होता. "बघा. मी हेच म्हणून राहिलो. कुणाचं वाटोळं करून जायचं कशाला? घरात वर्दी चालून आली. इतक्या दिवस बराबर चाललं, पुढंबी चालंल. मिने, तू तवा एक बोललीस, आता तेच धरून ऱ्हाय."

"ती ल्हान होती, बा," देविदास म्हणाला. तो खांबाला टेकून उभा होता, डावा हात उजव्या हातात धरून. सामन्याआधीही तो असाच उभा राहायचा.

"आता मोठी झाली ना? मोठ्या माणसानं तोंड सांभाळावं."

मिनाच्या मनात प्रयोगशाळेतलं एक साधं मापयंत्र येऊन गेलं. त्याच्या शून्यातच चूक असेल तर पुढचं प्रत्येक माप तेवढ्यानंच चुकतं, हे ती दर वर्षी नव्या पोरांना सांगायची. आणि लगेच सांगायची, घाबरू नका, चूक कळली की ती वजा करता येते. इथं वजा करायचं तर ते ग्यानोबाच्या अंगावरच्या वर्दीतून होत होतं.

"मला एक सांगायचंय."

हे सुदाम बोलला. बैल सोडून तो मांडवाच्या कडेला कधी येऊन उभा राहिला ते कुणी पाहिलं नव्हतं. चार माणसांत सुदाम बोलत नसे. विचारलं तरी "तुमी ठरवा" एवढंच.

"दिवाळीच्या आधी मी सेनगावला गेलतो. जीप चालवायचं लायसन काढाया. एजंट म्हणला, शाळेचा कागद लागतो. मी देविदासच्या पेटीतून झेरॉक्स नेली. नाव माझंच हाय, म्हणलं, चोरी कशाची?" तो थांबला. "टेबलावरच्या बाईनं कागद बघितला. बारावी पास. म्हणली, इथं अर्ज लिही. मी म्हणलं, लिहिता येत न्हाई. तिनं माझ्याकडं बघितलं, मग शिपायाला हाक मारली. म्हणली, कुणाचा तरी कागद उचलून आणलाय यानं. सगळ्या रांगेसमोर त्यानं मला इचारलं, तू कोण? खरं सांग, तू कोण?"

"आन तू काय म्हणलास?" नायकानं विचारलं.

"काय म्हणू? सुदाम म्हणलं तर चोर. दुसरं नाव मला न्हाई."

पुजानं लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं. तिला हे माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मघाचा टोमणा आपल्याच तोंडून गेला होता, हेही.

"काहून सांगितलं न्हाई?" ती हळूच म्हणाली.

"कुणाला सांगू? ह्याच्या पदकाचा फोटो भिताडाला हाय. त्याच्याखाली माझं नाव लिवलंय." सुदाम देविदासकडे न बघता बोलत होता. "मला ह्याचा राग न्हाई. ह्यानं अमेरिकेला जावं, न्हाईतर हितं ऱ्हावं. पर माझं नाव मला पायजे. माझं पोरगं उद्या शाळेत जाईल, बापाचं नाव लिवतील. तो बाप कोण असंल?"

तेरा वर्षं मिनाला वाटत आलं होतं की तिनं देविदासला चुकीचं नाव दिलं. नाव ज्याच्याकडून गेलं होतं, त्याचा तिनं एकदाही हिशेब मांडला नव्हता. तो समोर गुरं हाकत होता म्हणून, आणि काही बोलत नव्हता म्हणून.

देविदास खांबापासून निघाला आणि ग्यानोबासमोर उकिडवा बसला. मैदानात ग्यानोबा असा बसायचा आणि देविदास उभा असायचा.

"ग्यान्या."

"मला इचारू नको," ग्यानोबा म्हणाला.

"इचारायलाच पायजे."

"इचारलंस तर मी खरं सांगीन, देवा. मग तकलीफ व्हईल तुला."

"इचारतो. ताईनं सही करू का नको?"

ग्यानोबानं उजवा हात पुढं केला. मधलं बोट पेरात वाकडं होतं. देविदासचे बॉल धरता धरता दोनदा मोडलं होतं आणि हाड वाकडंच जुळलं होतं. "मला दुसरं काय येतंय सांग. पळायला येत न्हाई, मारायला येत न्हाई. तुझा बॉल धरायचा, एवढंच येतंय. महाराष्ट्रात कुणाला धरता येत नव्हता, मला यायचा. त्याच्यावर वर्दी भेटली. तुझ्याकडं हात हाय. तू कुठंबी फेकशील. माझ्याकडं तो कागद हाय." त्याचा आवाज बारीक झाला. "न्हाई. करू नको."

सर म्हणाले, "ग्यानोबा, सावकाश विचार कर. बाकी दोघांनाही..."

"नको, सर," देविदास म्हणाला. "मी आधीच ठरवलंवतं. तिघांत एकानं जरी न्हाई म्हणलं तरी न्हाई. ह्यानं तोंडावर सांगितलं. दुसऱ्यांनी व्हय म्हणलं असतं आन मागं रडले असते."

थावरानं मोठा श्वास सोडला. "झालं तर मग. एक तारखेला हजर व्हय."

"न्हाई, बा. पोलिसातबी जात न्हाई."

"काय म्हणलास?"

"तिथं रोज हजेरी असती. रोज सकाळी सुदामभियाचं नाव घेतील आन मी हजर म्हणायचं. तीस वर्सं." त्यानं मान हलवली. "ते जमायचं न्हाई."

थावरा ओरडला. गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत ओरडला, कारण एवढा राग त्याला मराठीत मावत नव्हता. दोन्ही हातचं जाईल, लोक तोंडात शेण घालतील, एवढा शिकवला तो मातीत घातला. नायकानं त्याचा दंड धरून त्याला बाजेवर बसवलं. मोतीबाईनं कढई उतरवली आणि पदर तोंडाला लावून बसली. देविदास ऐकत राहिला. बापाचा दम संपल्यावर त्यानं सरांना विचारलं, "सर, देविदास नावानं पहिल्यापासून करायचं म्हणलं तर?"

"सतरा नंबरचा फॉर्म," सर म्हणाले. "शाळेत न जाता बाहेरून दहावी. जन्माचा दाखला आहेच. दहावी, बारावी, मग कॉलेज. पण खेळाचं एकही प्रमाणपत्र लागणार नाही. कोरी पाटी."

"किती वर्सं?"

"चार-पाच तरी. तोवर अमेरिकेचं वय निघून जाईल."

"ते आताच निघालं की," देविदास म्हणाला. मग मिनाकडे वळला. "ताई, त्या माणसाला पत्र लिहावं लागंल. न्हाईतर तो कॉलेजात फोन लावंल, चौकशी करंल, आन सगळंच बाहेर येईल. तुझं इंग्रजी बराबर हाय. लिही."

*

मिनानं पिशवीतून प्रयोगवही काढली आणि मागचं कोरं पान फाडलं. पत्र्याच्या पेटीवर पाकीट होतं, ते बाजूला सरकवून तिनं तिथं कागद ठेवला. घरात अंधारंसं होतं. दारातून येणारं ऊन कागदापर्यंत पोचत होतं. बाहेर डफावर कुणीतरी बोटं आजमावत होतं. देविदास तिच्याशेजारी जमिनीवर बसला. सुदाम दारात उभा राहिला.

"काय लिहू?"

"लिही की, मैदानावर मी बोललो ते खोटं होतं. निवड व्हावी म्हणून वय कमी सांगितलं. माझं वय बावीस पूर्ण हाय. माफी असावी."

मिनाचं पेन थांबलं. "तू खोटं बोलला नव्हतास."

"ठाऊक हाय."

"ते लोक ह्यानंतर तुला कधीच बोलावणार नाहीत. नाव काळ्या यादीत जाईल."

"सुदामचं जाईल," देविदास म्हणाला आणि लगेच दाराकडे बघून ओशाळला. "भिया, तुझं न्हाई. म्हंजी..."

"लिही," सुदाम दारातून म्हणाला. "मला कुठं अमेरिकेला जायचंय."

त्याच्या ओठांच्या कडेला हसू आलं, देविदासच्याही. सकाळपासून दोघांनी एकमेकांकडे बघण्याची ही पहिलीच वेळ होती.

मिनानं लिहायला घेतलं. प्रयोगशाळेत काम करताना तिनं आजवर एकही आकडा बदलला नव्हता. मुलांचं उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळत नसेल तर ती म्हणायची, दिसलं ते लिहा, जुळवू नका. देविदासच्या मनगटाच्या चित्रात हाडाच्या टोकाशी केसासारखी एक फिकी रेघ तिनं उजेडासमोर धरून कितीदा तरी पाहिली होती. वाढ आता कुठं संपत आल्याची ती खूण होती. बावीस वर्षांच्या हाडात ती बहुतेक पुसून गेलेली असते. रेघ खरी होती, जन्माची नोंद खरी होती. कागदावर तिनं इंग्रजीत बावीस लिहिलं, आकड्यात आणि मग अक्षरात.

लहानपणी ती न कळता बोलली होती. हे तिनं कळून, नीट अक्षरात लिहिलं.

"वाच," देविदास म्हणाला.

तिनं वाचून मराठीत सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, एका जागी "मी" दोनदा आलाय का असं विचारलं, आणि पेनासाठी हात पुढं केला. डाव्या हातात पेन धरून तो कागदावर वाकला. मग थांबला. सही कुठं करायची ते मिना बोटानं दाखवत होती, पण तो तिकडं बघत नव्हता.

"भिया."

"हं."

"एकदा अजून करू का? तुझ्या नावाची?"

सुदाम दारातून आत आला. भावाच्या खांद्यावरून वाकून त्यानं कागदाकडे पाहिलं, जरी त्यातलं एकही अक्षर त्याला लागत नव्हतं. बाहेरून नायकाची हाक आली, काठ्या आल्या होत्या, लेकराला घेऊन या म्हणत होते. पुजानंही हाक मारली.

"कर," सुदाम म्हणाला. "पर सावकाश कर. मला बघू दे कसं लिवतात."